दत्तोबाचा अलगद हात

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये दोन टनी हॅमर होता आणि त्या हॅमरच्या दांड्यावर दत्तोबा होता. कारखान्याचं नाव कशाला घ्या. त्याचा यात काही दोष नाही, उलट त्यानं दत्तोबाला जे शिकवलं ते फार चांगलं होतं. दोष दत्तोबाचा. त्याची बायको कस्तुरा, तिला हे कळायला चौदा वर्षं लागली.

त्या शॉपमध्ये माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नसे. भट्टीतून लालभडक लोखंड निघायचं, वजीर मिस्त्री ते सांडशीत धरून ऐरणीवर ठेवायचे आणि दत्तोबा दांडा ओढून वरून हॅमर सोडायचा. जमीन हादरायची, दात वाजायचे. बोलण्याची सोय नाही म्हणून मिस्त्रींनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. मूठ वळली की जोरात. दोन बोटं दाखवली की बेतानं. आणि तळवा पालथा करून हळूच खाली नेला, झोपलेल्या मुलाला थोपटतात तसा, की अलगद. ही तिसरी खूण सगळ्यांत अवघड. दोन टनांचं धूड वरून सोडायचं आणि लोखंडाला नुसतं शिववायचं, चेपायचं नाही. मिस्त्रींची बोटं तिथून चार अंगुळांवर असायची. दत्तोबाच्या आधीच्या गड्यानं एकाची तीन बोटं घालवली होती. दत्तोबा आधी हातघण मारायचा; हॅमरवरच्या त्याच्या नऊ वर्षांत कुणाचं नखही गेलं नाही.

कस्तुराला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला त्याचा हात ठाऊक होता तो वेगळा.

आंदर मावळातून लग्न होऊन ती आली तेव्हा सोळा वर्षांची होती. पिंपरी गावाच्या कडेला पत्र्याच्या चाळीत त्यांची खोली. पहिल्या वर्षी त्यानं तिला मारलं ते भाकरी करपली म्हणून. दुसऱ्या वर्षी तेवढं कारणही लागेना. तिचं डावं मनगट दोनदा मोडलं. बरगडीत एक जागा होती, पावसाळी हवेत तिथून कळ यायची. खालचा एक दात नव्हता. दवाखान्यात कंपाउंडर विचारायचा, "काय झालं?" आणि ती म्हणायची, "न्हाणीत पडले." न्हाणीत इतक्या वेळा पडणारी बाई अख्ख्या पिंपरीत दुसरी नसेल, पण कंपाउंडरनं कधी पुढचं विचारलं नाही. लिहून घ्यायचा आणि पट्टी बांधायचा.

बरं, दत्तोबा दारू पीत नव्हता. प्यायला असता तर दारूला बोल लावता आला असता. तो शिफ्ट सुटली की सरळ घरी येई, हातपाय धुई, चहा घेई आणि मग कशावरून तरी सुरू होई. चप्पल कुठं ठेवली यावरून, शेजारणीशी काय हसत होतीस यावरून. सपासप मारायचा. केस धरून भिंतीवर डोकं आपटायचा. आणि मारून झालं की उंबऱ्यावर बसून दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरायचा.

"मला कळतच न्हाई गं," म्हणायचा. "दिवसभर लोखंड हानायचं, हाताला अंदाज ऱ्हातच न्हाई. हात जड हाय माजा, कस्तुरा."

हे तिला पटलं होतं. आईनं तेच सांगितलं, शेजारच्या भिमाबाईनं तेच सांगितलं. घणावरचा माणूस आहे, त्याला आपलं बळ कळत नाही, तू जरा सांभाळून रहा. म्हणजे सांभाळायचं कुणी, तर मार खाणारीनं. आणि कस्तुरा खरंच सांभाळून राहायची. इतकंच नव्हे, मार खाऊन उठली की खोबरेल तेलाची बाटली आणायची आणि त्याचे तळवे चोळून द्यायची, बिचाऱ्याचे हात दुखत असतील म्हणून. लिहितानाही संताप येतो, पण ती चोळायची हे खरं आहे.

महिन्यातून दोनदा मदिनाबाई चाळीत बांगड्यांची टोपली घेऊन यायची. वजीर मिस्त्रींची ही बायको. बोलायला फटकळ आणि हातानं मऊ. कस्तुराचा पंजा आपल्या मांडीवर घेऊन ती अंगठ्याचं हाड आत दाबायची, कातडी मागे सरकवायची. म्हणायची, "ढिला सोड हात. अशी आवळून बसू नको. अलगद जाईल बघ." आणि हिरवी काच मनगटात उतरायची, कशी ते कळायचंही नाही. कुणी इतक्या हळुवारपणे आपला हात धरतं हे कस्तुराला महिन्यातून दोनदाच अनुभवायला मिळे. मोडून जुळलेल्या मनगटापाशी आलं की मदिनाबाईचा अंगठा थांबायचा.

"बांगड्या लई वाढतात गं तुझ्या," एवढंच म्हणायची. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कस्तुराच्या दर पंधरवड्याला वाढत होत्या.

त्रेहत्तर सालच्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी दत्तोबानं इंद्रायणीवर हात टाकला.

इंद्रायणी त्यांची एकुलती एक, अकरा वर्षांची. तोवर त्यानं पोरीला बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या हातून त्याचा जेवणाचा डबा पडला आणि भाजी सांडली, एवढंच. एकच थप्पड, पण पोर दोन हात लांब जाऊन पत्र्याच्या पेटीवर आदळली. कानातून रक्त आलं. दोन दिवस ती म्हणत होती, "आई, कानात शिटी वाजतीया." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शिटी थांबली, पन त्या कानानं तुजं बोलनं येत न्हाई."

दत्तोबा उंबऱ्यावर बसून तळवे बघत होता. "हात जड हाय माजा," म्हणाला. रडलासुद्धा. कस्तुरानं त्या दिवशी तेलाची बाटली काढली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट सुरू झाली. याला खरंच कळत नसेल, तर एक दिवस न कळता हा पोरीचा जीव घेईल. तिला स्वतःच्या हाडांची सवय झाली होती, पोरीच्या हाडांची होणार नव्हती.

त्याच आठवड्यात मदिनाबाई आली. बांगड्या भरता भरता म्हणाली, "खंडेनवमीला येतेस ना कारखान्यात? बायकापोरांना सोडतात त्या दिवशी. तुझ्या मालकाचा खेळ असतो."

"कसला खेळ?"

"अगं, तुला माहीत नाही? आमचे मिस्त्री घरी येऊन रोज कौतुक सांगतात. म्हणतात, दत्तोबाइतका अलगद हात या पट्ट्यात कुणाचा नाही."

कस्तुरा हसली. तिला वाटलं, मदिनाबाई दुसऱ्याच कुणा दत्तोबाचं बोलते आहे. "आमचे न्हवं ते," म्हणाली. "आमच्याचा हात जड हाय."

मदिनाबाईनं तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "तू ये," म्हणाली. "एकदा डोळ्यांनी बघ."

दरवर्षी खंडेनवमीच्या सुमाराला कस्तुराचं तोंड सुजलेलं असे, नाहीतर हात गळ्यात असे. त्यामुळे ती कधी गेली नव्हती. त्या वर्षी आठ दिवस पश्चात्तापात गेले असल्यामुळे तिचं तोंड धड होतं. दत्तोबा सकाळी म्हणाला, "तू कशाला येतीस? गर्दी असती." तो गेल्यावर तिनं इंद्रायणीचा हात धरला आणि भिमाबाईबरोबर कंपनीच्या बसमध्ये चढली.

शॉप धुऊन काढलं होतं. मशिनांना झेंडूच्या माळा, ऐरणीवर हळदकुंकू, भट्टी तेवढी मंद. साहेब लोक खुर्च्यांवर, बायकापोरं दोरीच्या मागे, हातात पेढ्यांचे कागद. आणि मधोमध तो हॅमर, दोन माणसांच्या उंचीचा. त्याच्या बाजूला धुतलेला सदरा घातलेला आपला नवरा बघून कस्तुराला तो ओळखीचा वाटेना. माणसं त्याला नमस्कार करत होती.

आधी वजीर मिस्त्रींनी मूठ वळली. दत्तोबानं दांडा ओढला. हॅमर पडला आणि ऐरणीवरचा मनगटाएवढा लोखंडी गज भाकरीसारखा चपटा झाला. पोरं किंचाळली. कस्तुराच्या बरगडीत कळ आली. तिनं नकळत इंद्रायणीला मागे ओढलं.

मग मिस्त्री दोरीजवळ आले. पिकली दाढी, डाव्या हाताला जुन्या चटक्यांचे डाग. म्हणाले, "मागल्या वर्षी साहेबांचं घड्याळ ठेवलं होतं. यंदा बांगडी ठेवू. कोण देतं एक बांगडी?"

बायका हसू लागल्या, एकमेकींना ढकलू लागल्या. बांगडी कोण देणार, सणाच्या आदल्या दिवशी? कस्तुरानं डाव्या हातातली एक हिरवी बांगडी ओल्या रुमालानं सरकवत काढली आणि दोरीवरून पुढे धरली. दत्तोबानं तेव्हा तिला पाहिलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. पण सगळे बघत होते, मागे हटायची सोय नव्हती.

मिस्त्रींनी बांगडी ऐरणीवर उभी करून दोन बोटांनी धरली. दुसरा तळवा पालथा केला आणि हळूच खाली नेला.

हॅमर सुटला. वरून तसाच आला, गजावर आला होता त्याच वेगानं. कस्तुरानं डोळे मिटले नाहीत. दत्तोबाच्या हाताकडे बघत होती ती, दांड्यावरच्या. तो हात तिनं इतका शांत कधी पाहिला नव्हता. मनगट जरासं वळलं, बोटं जराशी ढिली पडली आणि दोन टनांचं लोखंड बांगडीच्या वर येऊन थांबलं. मग केसभर खाली सरकलं, काचेला टेकलं आणि उठलं. पुन्हा आलं, पुन्हा टेकलं. तीन वेळा. तिसऱ्यांदा तर मिस्त्रींनी बोटं काढून घेतली आणि बांगडी नुसत्या हॅमरच्या टेकण्यानं उभी राहिली.

टाळ्यांनी पत्रा दणाणला. साहेब उठून उभे राहिले. मिस्त्रींनी बांगडी आणून कस्तुराच्या तळहातावर ठेवली. "घ्या वहिनी. चराही नाही गेला. असा हात अल्ला एखाद्यालाच देतो."

कस्तुरानं बांगडी उजेडात धरून पाहिली. खरंच चरा नव्हता. चौदा वर्षांचं तेल, चौदा वर्षांची दया तिच्या घशाशी आली. त्याला कळत होतं. केसभरसुद्धा कळत होतं. किती जोरानं मारलं म्हणजे मनगट मोडतं आणि कितीनं मोडत नाही, हे त्याच्याइतकं या पट्ट्यात कुणालाच कळत नव्हतं. मोडलं ते मोडायचं होतं म्हणून. आणि पोरीचा कान गेला तोही तसाच.

"म्हंजे येतंय तर," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. दत्तोबापर्यंत गेलं ते. भिमाबाईला वाटलं, कौतुकानं म्हणते आहे. मिस्त्रींना तसं वाटलं नाही. त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी दत्तोबा घरी आला. हातपाय धुतले, चहा घेतला. मग विचारलं, "काय येतंय?"

ती त्याचा रिकामा कप उचलायला वाकली.

"भर शॉपमदी काय म्हनलीस? काय येतंय मला?"

पहिली थप्पड कानशिलात बसली. कस्तुरा पडली नाही. आजवर ती डोळे मिटून मार खात आली होती, आज उघडे ठेवले. आणि तिला सगळं दिसलं. तो तोंडावर मारताना हात किंचित वळवत होता, उद्या दसरा आहे, लोक येतील म्हणून. पाठीत मात्र पुरता सोडत होता, कारण पाठ लुगड्याखाली झाकते. लाथ बरगडीच्या त्याच जुन्या जागेवर घातली, नेमकी, बोटभरही इकडेतिकडे नाही. जोरात, बेतानं, अलगद, सगळं त्याच्याजवळ होतं. कुठं काय वापरायचं ते तो ठरवत होता.

"आईला मारू नका," म्हणत इंद्रायणी मध्ये आली. त्यानं तिची वेणी धरली आणि बाजूला फेकलं. पोर पुन्हा त्याच पेटीवर. या खेपेला कपाळ फुटलं.

मग त्यानं कस्तुराचा डावा हात ओढला. ती सकाळची बांगडी तिनं परत घातली होती. त्यानं ती अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि दाबली. दोन टनांखाली जी टिकली ती दोन बोटांत कडकन गेली. काच मनगटात रुतली, रक्त कोपरापर्यंत आलं.

"हे बी येतंय," तो म्हणाला.

आणि थोड्या वेळानं, अंगवळणी पडलेली गोष्ट, उंबऱ्यावर जाऊन बसला. तळवे डोळ्यांसमोर धरले. "हात जड हाय गं माजा."

कस्तुरा पोरीच्या कपाळावर हळद दाबत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी आठाच्या सुमाराला ती कटाच्या आमटीचं वाटण घेऊन बसली होती. पाटा दाराशी, उजेडात. खोबरं, लवंग, मिरी. वरवंटा काळ्या दगडाचा, तिच्या सासूचा, चांगला पाच-सहा शेर वजनाचा. इंद्रायणी कपाळाला चिंधी बांधून पुरणाची डाळ निवडत होती.

दत्तोबा अंघोळ करून आला. त्याचं मन प्रसन्न होतं, मारल्याच्या दुसऱ्या दिवशी असायचंच. पाट्याजवळ बसला. "काय वास सुटलाय," म्हणाला. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा उचलायला त्यानं उजवा हात पाट्यावर ठेवला, पालथा, बोटं पसरून.

कस्तुरानं वरवंटा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला आणि खाली आणला.

इंद्रायणी किंचाळली. दत्तोबाला हात काढून घ्यायला वेळच मिळाला नाही. वरवंटा त्याच्या चार बोटांवर येऊन थांबला. टेकला. गार, ओला, खोबऱ्याचा वास असलेला दगड. त्याचं सगळं वजन तिच्या दोन मनगटांत होतं, त्यातलं एक दोनदा मोडलेलं, कालच्या काचेनं चिरलेलं. मनगट थरथरत होतं.

"हालू नका," ती म्हणाली. "हाललात तर माज्यानं धरवायचा न्हाई."

दत्तोबाचा चेहरा पांढरा पडला. या बोटांवरच त्याची रोजीरोटी होती, मान होता, साहेब लोक उभे राहत होते ते या बोटांसाठी. दांड्यावर कितीही वजन त्यानं झेललं असेल, पण ऐरणीच्या जागी हात ठेवून कधी वर पाहिलं नव्हतं.

"कस्तुरा," तो म्हणाला. "कस्तुरा… अलगद. अलगद गं."

हा शब्द त्यानं त्या घरात पहिल्यांदा उच्चारला. कस्तुराला रडू यायला हवं होतं. तिला राग आला, असा राग की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"पोरीनं म्हनलं व्हतं का तुमाला, अलगद म्हनून?" ती म्हणाली. "तिला ठावंच न्हवतं तुमाला येतंय म्हनून. मलाबी न्हवतं. मी खुळी, हात चोळत बसले तुमचे." तिनं श्वास घेतला. "चौदा वर्सं ह्यो दगूड वडतीया मी. मलाबी येतंय. पुन्यांदा इंद्रायणीवर हात टाकलात, माज्यावर टाकलात, तर तुमी कंदी तरी जेवाय बसनार, कंदी तरी हात टेकनार. दगूड हितंच हाय आन् मीबी हितंच हाय."

तो मान हलवत होता. लहान मुलासारखा, भराभर.

तिनं वरवंटा उचलायला घेतला. पण उचलताना मोडकं मनगट दगा देऊन गेलं, की तिनंच दिला, कोण सांगणार. दगड एका कडेनं घसरला आणि करंगळीवर बसला. कुडुक असा आवाज आला. दत्तोबा ओरडत मागे कोलमडला, हात काखेत दाबून जमिनीवर गडबडा लोळला. नखाखालून रक्त पाट्यावर सांडलं, वाटणात गेलं.

कस्तुरानं त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या तळव्यांकडे.

"अजून तुमच्यावानी साधत न्हाई," ती म्हणाली. "हात जड हाय माजा."

तिनं ते वाटण टाकून दिलं, पाटा धुतला आणि नव्यानं खोबरं भाजायला घेतलं. इंद्रायणी चांगल्या कानाच्या बाजूनं तिला खेटून बसली.

पंधरा दिवसांनी मदिनाबाई टोपली घेऊन आली. कस्तुराचा पंजा मांडीवर घेतला, हाड आत दाबलं. आज हात आवळलेला नव्हता.

"दत्तोबाच्या करंगळीला काय झालं गं?" तिनं विचारलं. "आमच्या मिस्त्रींनी विचारलं तर म्हणाला, न्हाणीत पडलो."

कस्तुरा हसायला लागली, इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं आणि मदिनाबाईला हात सोडून थांबावं लागलं. किती भरू, मागल्यासारख्या दोनच का, असं मग मदिनाबाईनं विचारलं.

"न्हाई," कस्तुरा डोळे पुसत म्हणाली. "दोन्ही हात भरून घाला. आता न्हाई वाढायच्या."